पाचपैकी पाच

"सर, केशरमावशींना मी सांगितलं," आरती दारात उभी राहून म्हणाली, "आणि त्यांनी मला पाचपैकी पाच दिले."

व्याख्यानगृहात अंधार होता. शनिवारचा सिनेमाचा तास चालू होता. पडद्यावरचा डॉक्टर नुकताच म्हातारीशेजारी बाकावर टेकला होता, म्हणजे पुढची साडेतीन मिनिटं डॉ. किशोर भुयारांना काही काम नव्हतं. त्यांना आधी वाटलं, पोरगी काहीतरी आनंदाचं सांगायला आली आहे. आरती त्यांची लाडकी. तीन वर्षांपूर्वी याच खोलीत दुसऱ्या रांगेत बसून हाच तुकडा पाहून गेलेली, आता इंटर्न. पण तिचा आवाज तिच्या ताब्यात नव्हता. "कसले पाच?" त्यांनी विचारलं. तिने त्यांना व्हरांड्यात नेलं आणि भडाभडा बोलली. केशरमावशींचे यजमान, बुधाजी, पावणेअकराला कॅज्युअल्टीत आणले. छातीत दुखत होतं. सव्वाअकराला सगळं संपलं. मावशी तर बाहेर फाटकापाशी हार ओवत बसलेल्या, त्यांना पत्ताच नाही. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, तू त्यांना ओळखतेस, तूच सांग. "मी सगळं केलं सर. आतल्या छोट्या खोलीत नेलं. बसवलं, मीही बसले. पाणी दिलं, नाव घेतलं, थांबले. मग सांगितलं. मावशी रडल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, झालं का वं? आता मस्त सांगते तू, पयले त लय घाबरे. पाचपैकी पाच. आणि उठून गेल्या. फुलं उघडी पडलीत म्हणाल्या." "अगं, मग हे खरं आहे म्हणून सांगायचं ना!" "सांगितलं सर. त्या म्हणाल्या, सारेच असं म्हनतात."

आणि मावशींसमोर सरावाला येणारी सारी पोरं तसं म्हणतच होती. तसं म्हणायला भुयारांनीच शिकवलं होतं. नातेवाईक विश्वास ठेवत नाहीत, 'खोटं आहे' म्हणतात, तेव्हा आवाज न चढवता म्हणायचं, 'मला समजतं तुम्हाला काय वाटत असेल, पण हे खरं आहे.' म्हणजे तीही वाट बंद. "मी जातो," भुयार म्हणाले. आत सिनेमातलं घड्याळ टिकटिकत होतं, कुणीतरी मागच्या रांगेत चिप्सचं पाकीट फोडलं. रिमोट हातातच राहिला होता. तो आरतीकडे द्यायचंही त्यांना सुचलं नाही, खिशात टाकून ते जिना उतरू लागले. दोन मजले, एक लांब व्हरांडा, कॅज्युअल्टी आणि मग फाटक. पाच मिनिटांची वाट. रोज सकाळी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला यायचं आणि संध्याकाळी परत, एवढं अंतर ते कंटाळा न करता तुडवत आले होते, पण ही पाच मिनिटांची वाट त्यांच्या जिवावर आली.

सगळी कटकट त्या साडेचार मिनिटांच्या तुकड्याने लावली होती. वेळापत्रकात तासाचं नाव 'प्रोफेशनॅलिझम' होतं. पोरं त्याला शनिवारचा शो म्हणत. सात वर्षांपूर्वी भुयारांनी पहिल्यांदा तो लावला तेव्हा ते अगदी भारावलेले होते. जुना कृष्णधवल सिनेमा. डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येतो, बाकावरच्या म्हातारीच्या शेजारी बसतो, माठातलं पाणी तिला देतो, तिचं नाव घेतो, आणि मग कितीतरी वेळ काहीच बोलत नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येतं. मग तो सांगतो. बस. त्या पहिल्या दिवशी मागच्या रांगेतल्या एका पोराने बाहीला नाक पुसलं होतं, आणि त्या एका नाकावर भुयारांनी पुढची सात वर्षं काढली. आपल्याला जे सापडलंय ते पुस्तकात नाही, असं त्यांनी घरी बायकोला सांगितलं, गाडीत रोज भेटणाऱ्या मास्तरांना सांगितलं. डीनलाही सांगितलं. डीन म्हणाले, "उत्तम आहे भुयार. पण मोजता येईल असं काही तरी करा. आणि फोटो पाहिजेत, ठिकाण आणि वेळ छापून येते ना, तसले." मग एका संध्याकाळी परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर यायच्या आत, भुयारांनीच मांडीवर वही ठेवून पाच चौकोन आखले. बसणे, एक गुण. पाणी, एक. नाव, एक. दहा सेकंद थांबणे, एक. सांगणे, एक. त्या संध्याकाळी हात मोडला असता तर बरं झालं असतं! पोरांनी त्याचं पंधरा दिवसांत 'बपानाथांसां' केलं, हातापायाच्या हाडांची नावं पाठ करायला करतात तसं. सिनेमाचा तुकडा ग्रुपवर टाकला होता तो दुप्पट वेगाने पाहिला. दुप्पट वेगात ती शांतता उरतेच किती! परीक्षेत नातेवाईक म्हणून खुर्चीत बसवलेल्या बाईसमोर ओठ हलवत एक ते दहा मोजायचे, आणि दहा झाले की मान वर करून सांगून टाकायचे. एकाने तर पाण्याचा पेला हातात देऊन, "मावशी, लवकर प्या, मला अजून नाव घ्यायचंय," असं म्हटलं होतं. दर वर्षी बॅचचे गुण वाढत गेले. आणि पाचपैकी पाचवालाच दुसऱ्या दिवशी ओपीडीत, तेल्हाऱ्याहून पहाटे निघून आलेल्या म्हाताऱ्यावर खेकसायचा, "अरे तोंड उघड ना बाबा, किती वेळ!" भुयारांनी हे ऐकलं होतं, एकदा नाही, पंचवीसदा. चिडले होते. कुणावर चिडायचं हे मात्र त्यांना ठरवता आलं नव्हतं, कारण चौकोन त्यांच्याच अक्षरात होते.

आणि केशरबाई. केशरबाई गेली सहा वर्षं या कॉलेजात विधवा होत होत्या. सरावाच्या शनिवारी, बारानंतर, चार-पाच वेळा, परीक्षेच्या दिवशी अकरा वेळा. आधी हे काम वॉर्डातल्या बायांना दिलं होतं, पण त्या तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसत. मग कुणीतरी म्हणालं, फाटकावरच्या हारवालीला विचारा, ती बोलायला धीट आहे. माळ्याची बाई. मोर्णेच्या काठाला जुन्या शहराच्या मागे त्यांचा दीड एकराचा मळा, नवरा शेवंती, झेंडू काढायचा आणि ही इथे विकायची. परीक्षेच्या कागदावर मेलेल्या नवऱ्याचं नाव भुयारांनी वामनराव लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी केशरबाई खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "कोन वामनराव? मले कावून रडू येईन त्याचं?" तिसऱ्या पोरापर्यंत एक टिपूस आलं नाही. मग त्यांनीच तोड काढली. "माह्या घरच्याचं नाव घ्या. मंग पाहा." स्वतः त्या ते नाव कधी घेत नसत, 'थे' म्हणत, नाही तर 'मळ्यातले'. भुयार कचरले होते, असं कसं बाई, बरं दिसत नाही. त्यावर केशरबाई मोकळं हसल्या. "डाक्टरसाहेब, मानसाच्या मरनाची खोटी बातमी उठली का त्याचं आयुष्य वाढते. तुमाले एवढं बी मालूम नाई? तुमच्या पोट्ट्यायले म्हना, सांगा लेको, दाबून सांगा." तेव्हापासून त्या छोट्या खोलीत बुधाजी मरू लागले आणि केशरबाई खरीखुरी आसवं गाळू लागल्या. नाव कानावर पडलं की डोळे भरत, मिनिटभर त्या मनापासून रडत, मग नाक पुसून पोराला सांगत, "पानी पयले द्याचं होतं तुले, इसरला तू. चार." भुयारांनी हा किस्सा परिषदेत सांगितला होता. लोक खूप हसले होते.

बुधाजींनाही ते भेटले होते. मागच्या हिवाळ्यात मोपेडवर दोन पाट्या फुलं लादून आला होता तो माणूस, उंच, वाळलेला, कानात मुरकी. "साहेब, औंदा कितीदा मारलं मले?" "बेचाळीसदा," भुयार म्हणाले. "मंग अजून होऊ द्या," म्हणून तो हसला आणि हसता हसता त्याला धाप लागली. पाटी खाली ठेवून तो फाटकाचा गज धरून उभा राहिला. ओठ काळसर. भुयार मेडिसिनचे प्राध्यापक. असे ओठ ते झोपेतही ओळखतील. "बुधाजी, एकदा येऊन दाखवून जा. सोमवारीच या." "मले काय होते? तुमचे पोट्टे आयुष्य वाढवून राहिले माहं." यावर भुयार हसले. खांद्यावर थाप मारली आणि पाच-दहाची गाडी चुकेल म्हणून निघाले. सोमवारी तो आला नाही, हे त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. आज जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थाप त्यांच्या तळहाताला परत जाणवली, आणि त्यांनी हात पँटला पुसला.

कॅज्युअल्टीत पडदा ओढलेला होता. भुयारांनी तो बाजूला केला. बुधाजींच्या अंगावर चादर होती, पण उंच माणूस, पावलं बाहेर राहिली होती. टाचांना मळ्यातला काळा चिखल, अजून ओला. सकाळी पाणी देत असताना दुखायला लागलं असणार. बाहेर बाकावर शेजारच्या मळ्याचा चंद्रभान बसला होता, बुधाजींची चप्पल मांडीवर घेऊन. त्यानेच ऑटोत घालून आणलं होतं, मागच्या फाटकाने, म्हणून केशरबाईंना दिसलं नव्हतं. "वहिनीले सांगतलं काय?" त्याने विचारलं. भुयार म्हणाले, "सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. चंद्रभान, तुम्ही घरचे. तुम्ही चला माझ्यासोबत." चंद्रभानने चप्पल घट्ट धरली. "नाई साहेब. माह्यानं नाई होत. तुमी डाक्टर हा. तुमाले येते सांगता. थे वहिनीच म्हने, भुयार साहेब पोरायले शिकवते, कसं सांगाचं थे."  या माणसावर ओरडावं असं भुयारांना वाटलं, वर जाऊन प्रोजेक्टर फोडावा असं वाटलं. ते बाहेरच्या उन्हात आले. केशरबाईंची पाटी तिथून दिसत होती, फाटकाच्या अलीकडे लिंबाखाली, फार तर साठ पावलं.

कसं सांगायचं हे त्यांना येत होतं हे खोटं नव्हतं. पस्तीस वर्षं ते त्याच एका गोष्टीचा विचार करत आले होते. अमरावतीच्या एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर सतरा वर्षांचा किशोर आईशेजारी बसला होता. वडील, महादेवराव, परतवाडा डेपोचे कंडक्टर. गाडीतच कोसळले, तिथून अमरावतीला आणलेले. आईने, गोदाबाईने, डबा आणला होता, शुद्धीवर आले की लागेल म्हणून. डॉक्टर आतून आला, रुमालाने हात पुसत, पायऱ्या उतरता उतरता आईकडे न पाहता म्हणाला, "तुमचा पेशंट मेला. गाडीचं बघा," आणि तसाच खाली गेला. थांबलाही नाही. त्याच्या स्कूटरची किक किशोरला ऐकू आली, दोनदा बसली नाही, तिसऱ्यांदा बसली. त्या किकच्या आवाजाने किशोर डॉक्टर झाला. 'मेला' म्हणणाऱ्या, उभ्याने सांगणाऱ्या, पाणी न देणाऱ्या त्या माणसाला खोडून काढायला त्याने जन्म घालवला. तो सिनेमा, ते चौकोन, सगळा त्या पायऱ्यांना दिलेला जबाब होता. आणि आई? आई आता साईनगरात त्यांच्याकडेच राहते, ब्याऐंशीची आहे, आणि तिला तो डॉक्टर धड आठवतही नाही! मागच्याच महिन्यात भुयारांनी जेवताना तो विषय काढला, तर ती भाकर मोडत म्हणाली, "तू कावून त्याच्या मांगं लागला एवढ्या वर्साचा? त्यानं चालता चालता सांगतलं म्हून त मले लगेच समजलं. बसला असता जवळ, त मी म्हटलं असतं, काई इलाज असन." भुयार ताटावरून उठले होते. हिला काही कळत नाही, असं म्हणाले होते, बायकोसमोर, मोठ्याने. बायको म्हणाली होती, "त्यांचा नवरा होता हो."

"या डाक्टरसाहेब," केशरबाई म्हणाल्या. "बारा वाजले काय? हा एवढा हार होऊ द्या, आली मी." मांडीवर अर्धा हार, पिवळी शेवंती, मधे मधे एक लाल गुलाब. सुई चालूच होती. डोळे अजून थोडे लाल होते, सकाळच्या रडण्याने.  "ते आरती लय मस्त सांगते आता. पुरे पाच देल्ले तिले मी. पयल्या खेपीले पोरगी माह्याच गळ्यात पडून रडली होती, आठोते काय?" शेजारी प्लास्टिकचं स्टूल होतं, गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं. भुयार सवयीने त्याच्याकडे वळले, आणि केशरबाई लगेच सावरून बसल्या, हार बाजूला, हात मांडीवर, चेहरा तयार. "घ्या. आता तुमची बी परीक्षा हाय काय?" भुयारांचा हात स्टुलावरून मागे आला. बसता येणार नव्हतं. पाटीमागे पाण्याची बाटली होती, तिला हात लावता येणार नव्हता. 'केशरबाई' म्हणून थांबता येणार नव्हतं. खांद्यावर हात, मऊ आवाज, 'मला समजतं', 'पण हे खरं आहे', सगळं सहा वर्षं वापरून वापरून त्यांनी आणि त्यांच्या पोरांनी संपवून टाकलं होतं. या बाईला माणुसकीने सांगण्याची एकही रीत त्यांनी शिल्लक ठेवली नव्हती. रस्त्यावरून एक जीप गेली, केशरबाईंनी फुलांवर ओलं फडकं ओढलं आणि पुन्हा वाट बघत त्यांच्याकडे पाहिलं, कौतुकाने. त्यांना खरंच उत्सुकता होती, मास्तर स्वतः कसे सांगतात त्याची.

"बाई, तुमचा नवरा मेला," भुयार म्हणाले. उभ्यानेच. आवाज फाटला, मोठा आला, पानटपरीवरच्या दोघांनी वळून पाहिलं.

केशरबाई हसल्या. डावा हात पदराकडे निघाला. "उभ्यानं? अन् असं सांगाचं राह्यते काय? पोट्ट्यायचे मार्क कापता नं तुमी याच्यापाई?"

"चंद्रभानने ऑटोत आणलं. मागच्या फाटकाने. पायाला मळ्याचा चिखल आहे अजून. उठा. चला, उठा."

हात पदरापर्यंत पोचला नाही. मधेच, छातीपाशी, तसाच राहिला. "चंद्रभान," केशरबाई हळूच म्हणाल्या. कागदावर चंद्रभान नव्हता. ऑटो नव्हता, चिखल नव्हता. सहा वर्षांत कुणी त्यांना 'उठा' म्हटलं नव्हतं. त्यांनी भुयारांच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे, मग रिकाम्या स्टुलाकडे. भुयारांना वाटलं आता हंबरडा फुटेल, आणि त्यांना तो हवा होता, कधी एकदा फुटतो असं झालं होतं. ते दहापर्यंत मोजत होते हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा सात झाले होते.

"ते पोरगी खरं सांगून राह्यली होती," केशरबाई म्हणाल्या. "अन् मी खोटं रडून आली."

त्यांनी सुई हारात टोचून ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उभ्या राहिल्या, ओच्यातल्या पाकळ्या झटकल्या. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. दोन पावलं फाटकाच्या दिशेने टाकून त्या थांबल्या आणि भुयारांकडे वळल्या, पोरं अडली की वळतात तशा.

"आता कसं रडू, साहेब?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी थांबून राहिल्या.